गावात सांगितलं ‘पित्ताचा खडा’: माझं वजनाचं ऑपरेशन

पऱ्हाटी | रविवार, रात्री ९:५०

सहा वर्षं इथं नुसती वाचत आले, पहिल्यांदाच लिहितेय. टंकायची सवय नाही, चुका सांभाळून घ्या.

मी अंगणवाडी सेविका आहे. हिंगणघाटपासून एसटीनं पाऊण तासाचं गाव, नाव सांगत नाही. महिन्याला पोरांचं वजन-उंची घ्यायची, पोषण ट्रॅकर ॲपमध्ये भरायची, कोण सॅममध्ये (तीव्र कुपोषण) गेलं, कोण मॅममध्ये (मध्यम कुपोषण), ते आयांना समजावायचं. सोळा वर्षं हेच करतेय. आता डोळ्यापुढे आणा: उंची १५२ सेंटिमीटर, वजन ११२ किलो अशी बाई दुसऱ्या बाईच्या पोराचं वजन पाव किलोनं उतरलं म्हणून तिला रागावते आहे. आया तोंडावर काही बोलत नसत. एकदा खिडकीतून ऐकू आलं, “पोरायचा सारा आहार बाईच्याच अंगी लागून रायला वं.” हसू आलं, पण त्या दिवशी मीठ बघायला म्हणूनसुद्धा उसळीचा चमचा तोंडात घातला नाही.

गरोदर बायांसाठी आमच्याकडे मोठा काटा आहे. सगळे घरी गेले की मी कडी लावून त्याच्यावर उभी राहायची. पोट आड येऊन आकडाच दिसायचा नाही. मग मोबाईल खाली धरून फोटो काढायचा, उतरायचं आणि बघायचं. ते फोटो अजून आहेत. १०४, १०७, १०९, ११२.४. बायांना एसटीत अर्धं तिकीट झालं त्या महिन्यात मागच्या सीटवरचा एक म्हातारा म्हणाला, “बाईचं तिकीट अर्धं अन् सीट दीड.” अख्खी गाडी हसली. मीही हसले, दुसरं काय करणार.

काय काय करून पाहिलं ते थोडक्यात. दोनदाच जेवायचं, पंचावन्न मिनिटांत उरकायचं: पाच महिन्यांत ७ किलो उतरले, पुढच्या वर्षात ९ चढले. तालुक्याला एका बाईकडून पावडरीचे डबे घेतले, त्यात दिवाळीची साडी गेली. पहाटे शेताच्या धुऱ्यानं चालणं, तर गुडघ्यानं साथ सोडली. शुगर २०१७ पासून. गोळ्या दोनाच्या चार झाल्या तरी एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) ९.२.

ठरलं ते मात्र वेगळ्याच गोष्टीनं. उन्हाळ्याची रात्र, लाइन गेलेली, आम्ही अंगणात खाटा टाकलेल्या. सकाळी हे म्हणाले, “तुह्या श्वास थांबते रातच्यानं. मी मोजून रायलो.” माणूस तीन रात्री मोबाईलचं स्टॉपवॉच घेऊन माझ्या उशाशी बसला होता. सगळ्यात जास्त आले ३४ सेकंद. यांनी ते आकडे खताच्या पावतीमागे पेननं लिहून ठेवले होते. ती पावती घेऊन आम्ही नागपूरला बहिणीकडे गेलो. तिनं आधी फिजिशियनला दाखवलं, त्यांनी झोपेची तपासणी करायला लावली आणि मग सर्जनकडे पाठवलं.

सर्जननी चिठ्ठीच्या मागं जठर काढून दाखवलं, पखालीसारखं. मग उभी रेघ मारली. रेघेच्या या बाजूचा, साधारण तीन चतुर्थांशाहून थोडा जास्त भाग, दुर्बिणीतून टाके मारून कायमचा काढून टाकायचा. राहते ती केळ्याएवढी नळी. याला स्लीव्ह म्हणतात. दुसरा प्रकार बायपासचा, त्यात छोटीशी पिशवी करून आतड्याला जोडतात आणि मधला काही भाग वगळतात. शुगरला बायपास जास्त चांगला, पण त्यात जीवनसत्त्वं कमी शोषली जातात आणि गोळ्या चुकवून चालत नाही. डॉक्टरांनी विचारलं, “गावात कॅल्शियम सायट्रेट मिळतं का?” मी म्हटलं, गावात क्रोसीन मिळते. एंडोस्कोपीत हर्निया नव्हता, फारशी जळजळही नव्हती. स्लीव्ह ठरलं.

सासूबाई पहिल्यांदा ऐकून म्हणाल्या, “कापूस वेचाले बाया भेटत नाही, अन् इथं पोट कापाले पैसे हायेत.” चूक नव्हतं त्यांचं. सगळं मिळून ३ लाख १० हजार सांगितले होते. सोयाबीन विकलं, माझा गोफ मोडला, बचत गटातून ५० हजार उचलले, उरलेले बहिणीनं दिले. तिचे अजून फिटले नाहीत. पण ‘गावात काय सांगायचं’ हा प्रश्न आला तेव्हा तोडगा सासूबाईंनीच काढला. “पित्ताचा खडा म्हन. कोनाले काय समजते.”

ऑपरेशनच्या आधी दोन आठवडे नुसतं पातळ. यकृतातली चरबी उतरून ते लहान व्हावं, म्हणजे दुर्बिणीला जागा मिळते. वेचणी ऐन भरात. मी रोज पहाटे वेचणाऱ्या बायांसाठी बावीस भाकरी थापायची आणि स्वतः ताक प्यायची. गरम भाकरीचा पापुद्रा फुगून सुटतो त्याचा वास… असो. पाचव्या दिवशी एक तुकडा खाल्ला. हे डॉक्टरांना सांगितलेलं नाही, आज इथं सांगतेय.

डिसेंबर २०२३. सकाळी आत नेलं, संध्याकाळी नर्सनं उठवून चालायला लावलं. पोटापेक्षा खांदा जास्त दुखत होता. पोट फुगवायला गॅस भरतात, त्याचं दुखणं खांद्याला येतं म्हणे. पायात घट्ट मोजे, हातात श्वास ओढून तीन चेंडू वर करायचं ते यंत्र. पाणी द्यायचं ते खोकल्याच्या औषधाच्या झाकणानं. एक झाकण, मग थांबायचं. मी तांब्यानं पाणी पिणारी बाई. दुसऱ्या झाकणाला पोट तट्ट भरलं आणि मला रडू आलं. आनंदानं की भीतीनं ते आजही सांगता येत नाही. तिसऱ्या दिवशी सुट्टी. पोटावर उशी दाबून जाम चौरस्त्यापर्यंत नीट आले, पुढचा गावाकडचा रस्ता तुम्हाला माहीत आहे तसाच.

नंतरचं सगळं लिहीत बसत नाही. मुगाचं पाणी, मग पातळ, मग गरगट, मग मऊ, दीड महिन्यानं घासभर भाकरी दुधात कुस्करून. भूक लागायचीच नाही, पण जेवायची वेळ व्हायची. हात रिकामे राहायचे. चौथ्या महिन्यात वेणी बोटाएवढी झाली. वर्षभरात ११२ चे ७५ झाले, शुगरची एकच गोळी उरली, ती सकाळची अर्धी. रात्री श्वास थांबत नाही. हे आता घोरतात आणि मी जागी असते!

पण लिहायला बसले ते यासाठी नाही. ‘पित्ताचा खडा’ अंगाशी आला, त्यासाठी लिहितेय. पहिल्या महिन्यात गावानं विचारपूस केली. पाचव्या महिन्यात बाया विचारू लागल्या, काय खाता, काय पिता. मी काय सांगणार? “मुगाचं पाणी पेतो अन् चालतो.” एका अर्थी खरंच होतं ते. आमच्या मदतनीसनं ते मनावर घेतलं. वय २९, दोन लेकरं, वजन ८४. तीन आठवडे तिनं घरी मुगाच्या पाण्यावर काढले. मला कळलं ते कसं, तर खिचडीचं गंज (पातेलं) उतरवताना तिनं भिंत धरली आणि तशीच उभी राहिली. डोळे मिटलेले. मी म्हटलं काय झालं, तर म्हणते, “काही नाही बाई, तुमच्यासारखं करून रायली.”

तेव्हाही मी खरं सांगितलं नाही. फक्त म्हटलं, जेवत जा.

आणि मग सप्टेंबर २०२४. महालक्ष्म्यांचं जेवण. पुरण दोन चमचे, पण वर तूप, वड्या, भजी, सगळ्यांची चव घेतली. रात्री उजव्या बरगडीखाली जी कळ आली ती पाठीपर्यंत. सोनोग्राफीत काय निघालं असेल? पित्ताचे खडे. वजन भराभर उतरलं की होतात, म्हणून सहा महिने गोळ्या दिल्या होत्या. त्या मी दोन महिन्यांनी सोडल्या, महाग वाटल्या म्हणून. पुन्हा नागपूर, पुन्हा दुर्बीण, या वेळी पित्ताशय काढलं.

घरी आले तर आशाताई भेटायला आली. चहा घेतला, इकडचं तिकडचं झालं, आणि अगदी साधेपणानं म्हणाली, “बाई, मांगच्या साली पित्ताची पिशवी काढली म्हनत होत्या नं तुमी? मंग पिशवीच नाही त खडा झाला कशात?”

सासूबाई आत गेल्या. बाहेर मी एकटी.

---

तर्रीबाज | रविवार, रात्री १०:२२

“मंग खडा झाला कशात” 😂 आशाताईला सीआयडीत घ्या राव. हसू नये पण हसलो. तुमची तब्येत आता बरी आहे ना? आणि मदतनीसचं पुढं काय झालं ते न सांगता धागा सोडून जाऊ नका.

---

सदाशिवपेठी | रविवार, रात्री ११:०५

अनुभव प्रांजळ आहे. पण स्पष्टच लिहितो. निरोगी अवयव कापून फेकायचा आणि त्यासाठी गोफ मोडायचा, यापेक्षा तोंडावर ताबा ठेवणं स्वस्त नाही का? शेतात राबणारी माणसं कुठं जाड असतात? शेवटी शॉर्टकट तो शॉर्टकटच.

---

पऱ्हाटी | सोमवार, सकाळी ६:१५

सदाशिवपेठी दादा, राग नाही. हे मला माझ्या घरातच ऐकून झालं आहे. शेतात राबणाऱ्या बायाही जाड असतात, आमच्याकडे या, दाखवते. निंदणाला वाकून वाकून गुडघे गेलेल्या, सकाळी चहा-टोस, दुपारी भाकरी आणि ठेचा, रात्री भाताचा ढीग. डाळ पोरांना, दूध डेअरीला.

शॉर्टकट म्हणाल तर झाकणानं पाणी पिऊन बघा एक दिवस.

---

गुंगीवाला | सोमवार, दुपारी १:४०

मी भूलतज्ज्ञ आहे, सर्जन नाही, त्यामुळे ऑपरेशन विकायचा मला काही फायदा नाही. दोन-तीन गोष्टी.

एक. जठराचा जो फुगीर भाग स्लीव्हमध्ये काढतात, तिथंच घ्रेलिन नावाचं भुकेचं संप्रेरक मुख्यत्वे तयार होतं. ‘भूक लागायचीच नाही’ असं पऱ्हाटीताई म्हणतात त्याचं हे मोठं कारण. उलट उपाशी राहून वजन उतरवलं की शरीर घ्रेलिन वाढवतं आणि खर्च कमी करतं. ७ उतरून ९ चढले, यात त्यांच्या मनाची दुर्बलता शोधू नका. शरीर दुष्काळाची तयारी करत होतं.

दोन. हे कोणासाठी? १९९१ पासून चालत आलेला निकष होता बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) ४०, किंवा ३५ आणि सोबत आजार. आपल्या लोकांत कमी वजनालाच पोट सुटतं आणि साखर वाढते, म्हणून इथं ३७.५ आणि ३२.५ असा अडीचनं खाली धरत आले. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनांनी तो आणखी सैल केला. ताईंचा बीएमआय माझ्या हिशोबानं ४८.५ येतो, शुगर आणि झोपेत श्वास अडकणं वेगळंच. कुठल्याही निकषात बसतं. लग्नाआधी दहा किलो कमी करायला हे ऑपरेशन नाही, आणि कोणी तसं विकत असेल तर तिथून उठावं.

तीन. त्या खताच्या पावतीबद्दल. झोपेतला हा आजार माहीत नसलेला रुग्ण भुलीखाली आणि भुलीनंतरच्या रात्री धोक्यात असतो. यजमानांनी आमचं अर्धं काम केलं. त्यांना माझा नमस्कार सांगा.

---

खर्राबंद | सोमवार, रात्री ८:३०

म्या बी केलं हाये. बायपास, २०२१ मंधी. यवतमाळ जिल्हा. वजन १३८ होतं, सीट बेल्ट लागे नाही.

माह्या डॉक्टरनं पयले दिवशीच खिसा पाहला. म्हने, हे काय? म्हटलं, खर्रा, तंबाखू-सुपारीचा. म्हने दिवसाले किती? म्हटलं आठ-दहा. म्हने दोन महिने बंद करून या, नाही त मी हात नाही लावत. बाप्पा, पोट कापाची भीती नोती वाटत तेवढी ते दोन महिने वाटे. पानठेल्याकडून जाची सोय नाही, पाय आपोआप थांबे. बंद केला तवा ऑपरेशन झालं.

लग्नात एकडाव गुलाबजाम खाल्ला, दोन. दहा मिनिटांत घाम, धडधड, पोटात मुरडा, डोळ्यापुढं अंधारी. मांडवातच आडवा झालो. लोक म्हने अटॅक आला, नवरदेवाची गाडी काढा. डॉक्टर म्हने याले डंपिंग म्हन्तेत, गोड एकदम आतड्यात पडते म्हनून. तवापासून गोडाकडं पाहत नाही.

आता खरी गोष्ट. दीड वर्षानं वजन ८८ झालं, अन् मले वाटलं आपन जिंकलो. एक खर्रा घेतला. मंग रोज एक, मंग चार. गुडघ्यासाठी मेडिकलवरून दुखण्याच्या गोळ्या बी खाल्ल्या. एक दिवस संडास डांबरासारखी काळी. जोडाच्या जागी अल्सर. तीन बाटल्या रक्त लागलं. बायपासवाल्यानं तंबाखू अन् त्या दुखण्याच्या गोळ्या दोन्ही विष समजा, पॅरासिटॅमॉल खा. तेच पाळतो आता, सव्वा वर्ष झालं.

---

वाचनमात्र | सोमवार, रात्री ११:१८

सगळे छान लिहितायत म्हणून दुसरी बाजू लिहिते. माझ्या धाकट्या दिराचं स्लीव्ह झालं, हॉस्पिटलचं नाव घेत नाही. चौथ्या दिवशी घरी, पाचव्या दिवशी ताप आणि नाडी १२० च्या वर. डावा खांदा दुखतोय म्हणाला. आम्ही समजलो गॅसचं दुखणं, वर ताईंनी लिहिलंय तसंच. गावातल्या डॉक्टरांनी सलाईन आणि गॅसचं इंजेक्शन दिलं, दीड दिवस त्यात गेला. टाक्यांतून गळती होती. पुढं २७ दिवस ॲडमिट, आधी नळी टाकून पू काढला, मग आतून स्टेंट. वाचला. वजनही उतरलं. पण एक एकर गेलं त्यात.

गळती क्वचित होते, शंभरात एखाद्याला, असं आम्हालाही सांगितलं होतं. तो एखादा आमच्या घरात निघाला. म्हणून एवढंच: ताप, नाडी जोरात, दम, खांदा किंवा पोट वाढतं दुखणं, यातलं काही झालं तर गावातल्या डॉक्टरकडे नाही, ज्यांनी कापलं त्यांनाच फोन. रात्री दोन वाजता असला तरी. घरापासून हॉस्पिटल किती तासांवर आहे हे ऑपरेशनआधी मोजा, आम्ही नव्हतं मोजलं.

---

पऱ्हाटी | मंगळवार, सकाळी ६:०५

वाचनमात्र ताई, बरं झालं लिहिलंत. मला पहिले दहा दिवस बहिणीकडेच राहायला सांगितलं होतं आणि मी तिसऱ्या दिवशी हट्टानं घरी आले, वेचणीचे पैसे वाटायचे होते म्हणून. तुमचं वाचून आत्ता अंगावर काटा आला.

---

कागदपत्रे | मंगळवार, सकाळी ११:२०

विम्याचं कोणीच बोललं नाही म्हणून. पूर्वी ‘लठ्ठपणाचे उपचार’ म्हटलं की सरसकट नकार यायचा. २०१९ मध्ये विमा नियामक इर्डानं ते वगळण्याचं कलम सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखं केलं. त्यानुसार डॉक्टरांचा सल्ला, वय १८ किंवा जास्त, बीएमआय ४० किंवा जास्त. अथवा ३५ किंवा जास्त आणि सोबत हृदयविकार, गंभीर स्लीप ॲप्निया किंवा आटोक्यात न येणारा टाइप २ मधुमेह यांपैकी काही, आणि आधीचे साधे उपाय फसलेले, असं सगळं असेल तर ऑपरेशन त्या वगळणुकीत येत नाही. इथं आपले अडीच कमी धरलेले आकडे चालत नाहीत हे लक्षात घ्या. प्रतीक्षा कालावधी प्रत्येक पॉलिसीत पाहावा लागतो.

‘साधे उपाय फसले’ हे सिद्ध करायला कागद लागतात. आहारतज्ज्ञाची चिठ्ठी, जुनी वजनं, एचबीएवनसीचे रिपोर्ट, झोपेच्या तपासणीचा रिपोर्ट. पावडरीच्या डब्यांचं बिल ठेवलंत का? 🙂

---

मोगरा_२७ | मंगळवार, रात्री ९:४५

पहिल्यांदा लिहितेय. वय २७, उंची १५६, वजन १०४, पीसीओडी. तीन स्थळं वजनावरून गेली. आई म्हणते ऑपरेशन लग्नाच्या आत गुपचूप उरकून टाकू, मुलाकडच्यांना सांगायचं नाही. आजकाल इंजेक्शनं निघालीत ती घ्यावीत का? आणि नंतर बाळाला काही त्रास?

---

गुंगीवाला | मंगळवार, रात्री १०:३०

मोगरा, तुझा बीएमआय ४२-४३ आहे, म्हणजे विचारायला जाणं चुकीचं नाही. वजन उतरलं की पाळी नियमित होण्याची आणि दिवस राहण्याची शक्यता वाढते, पण ऑपरेशननंतर निदान वर्ष ते दीड वर्ष गरोदरपण टाळायला सांगतात. वजन झपाट्यानं उतरत असताना बाळाला लोह, बी-१२, फोलेट कमी पडू शकतं. आता ‘गुपचूप’ कर आणि लग्नानंतर तिसऱ्या महिन्यात सासूनं विचारलं की ‘काही आहे का’, तर काय सांगशील?

इंजेक्शनांबद्दल: टिर्झेपेटाइड भारतात मार्च २०२५ मध्ये आलं, वजनासाठीचं सेमाग्लुटाइड जूनमध्ये. परिणामकारक आहेत. आली तेव्हा महाग होती, आणि थांबवली की बहुतेकांचं वजन परत चढतं. दिवस राहायच्या आधी तीही थांबवावी लागतात. ताईंनी २०२३ मध्ये निर्णय घेतला तेव्हा हा पर्याय त्यांच्यापुढे नव्हता.

---

पऱ्हाटी | बुधवार, सकाळी ६:२०

मोगरा बाळा, जेवणाच्या ताटावर सगळं उघडं पडतं. गावात कोणाच्या घरी गेलं की नको म्हणता येत नाही. मी अर्धी वाटी वरण घेऊन पंगतीत बसले की वाढणारी बाई म्हणते, “काहून, आमच्या घरचं गोड नाही लागत का?” पाणी जेवणाआधी अर्धा तास आणि नंतर अर्धा तास नाही, तर पाहुण्यांना वाटतं बाईला उपास आहे. नव्या सासरी तू हे किती दिवस लपवशील? आपल्याकडे माया वाढून दाखवतात, आणि ‘नको’ म्हटलं की माणसाला लागतं. भुकेपेक्षा हे मला जड गेलं. आता मी आधीच वाटी उचलून म्हणते, “मले एवढंच जाते, पण वास घेऊ द्या.” चालून जातं.

आणि कातडीचं सांगायचं राहिलं. दंडाची कातडी लोंबते. फळ्यावर लिहिताना पोरं बघतात. एका पोरीनं हात लावून पाहिला, म्हणे, “बाई, मऊ मऊ.” मी तिला हलवू दिलं.

---

तर्रीबाज | बुधवार, सकाळी ९:१०

हे सगळं ठीक. मदतनीस??

---

पऱ्हाटी | तीन आठवड्यांनंतर, रविवार, रात्री ९:३०

माफ करा, मध्ये सर्वेक्षणाचं काम होतं, आणि खरं म्हणजे लिहायला तोंड नव्हतं.

आशाताईनं त्या दिवशी विचारलं तेव्हा मी तिला सगळं सांगितलं होतं. ती कोणाला बोलली नाही. पण मदतनीसला मीच सांगायला हवं होतं आणि मी ते वर्षभर टाळलं. इथं लिहून झाल्यावर दुसऱ्या दिवशी पोरं गेल्यावर तिला बसवलं आणि मोबाईलमधले काट्याचे फोटो दाखवले, पहिल्यापासून. मग पोटावरचे पाच व्रण दाखवले. ती गप्प. मग म्हणाली, “म्हनजे मुगाचं पानी लबाड होतं.” मी म्हटलं, पाणी खरं होतं, मी लबाड होते. ती उठली, गंज घासले, कुलूप लावलं आणि गेली. चार दिवस कामापुरतं बोलली.

पाचव्या दिवशी म्हणाली, “मले बी दाखवा तुमच्या डॉक्टरले.” मागच्या आठवड्यात माझी तपासणी होतीच, तिला घेऊन गेले. तिचं वजन ८४, उंची १५८, बीएमआय ३३ च्या पुढे. शुगर नाही, बीपी नाही. डॉक्टर म्हणाले ऑपरेशनची गरज नाही, आधी रक्त तपासू. थायरॉइड निघालं, टीएसएच भरपूर वाढलेलं. सकाळी उपाशीपोटी एक गोळी, दीड महिन्यानं परत तपासणी. हिमोग्लोबिन ८.६. म्हणजे बाई वर्षभर थकलेली होती आणि मी तिला ‘जेवत जा’ म्हणून मोकळी झाले. गरोदर बायांच्या लोहाच्या गोळ्यांचा हिशोब मी लिहिते, माझ्या शेजारी बसणारीचा चेहरा मला दिसला नाही.

येताना एसटीत आम्ही एकाच सीटवर बसलो, दोघी. खिडकीपाशी ती. बुटीबोरीपर्यंत काही बोलली नाही, मग म्हणाली, “बाई, तुमी तवाच सांगतलं असतं त मी काही गावभर केलं नसतं.” मी म्हटलं, हो. ती म्हणाली, “केलंबी असतं म्हना.”

माझं परवाचं वजन ७७.२. वर्षभरात दोन किलो वर. डॉक्टर रागावले, आहारतज्ज्ञ बाईंनी शेंगदाण्याच्या मुठी मोजायला लावल्या आहेत.

---

खर्राबंद | रविवार, रात्री १०:०२

शेंगदाने माह्यापासून बी नाही सुटत ताई. उकडून खा, कमी जातेत.

---

कागदपत्रे | सोमवार, सकाळी १०:५०

अवांतर: कॅल्शियम सायट्रेट गावात मिळत नाही म्हणालात, मग कुठून आणता?

---

पऱ्हाटी | सोमवार, रात्री ९:१५

हिंगणघाटला एका मेडिकलवाल्याला तीन महिन्यांचं एकदम मागवायला सांगते, आणि बी-१२ चं इंजेक्शन उपकेंद्रातली सिस्टर देते. गोळ्यांचा डबा सासूबाईंनी देवघरात ठेवलाय. सकाळी दिवा लावला की आधी माझ्या हातावर गोळी, मग प्रसाद.